पुसलेली चावी

हरवलेली चावी आधी पुसायची आणि मगच नवी जोडायची, हा माझा नियम. वडिलांनी हा धंदा शिकवला तेव्हा कानस आणि पितळेच्या चाव्या होत्या, पुसण्यासारखं काही नव्हतंच. आता गाडीच्या डोक्यात चाव्यांची यादी असते. यादीतली चावी खिशात घेऊन कोणी हाताभर अंतरावर आलं, की गाडी दिवे लावते आणि कुलूप सोडते. चावी बाहेर काढायलासुद्धा नको. मग ज्याला ती रस्त्यात सापडली, त्यालाही गाडी तितक्याच प्रेमाने दार उघडणार ना? म्हणून पुसायची. गिऱ्हाइकं म्हणतात, कशाला बाई, सापडेल कधीतरी. मी म्हणते, सापडली तर शोकेसमध्ये ठेवा. तोंडाची फटकळ आहे मी, पण काम चोख करते.

त्या दिवशी फोन आला तो एका मुलीचा. "मावशी, बटण स्टार्टची गाडी आहे. दोन चाव्या होत्या, दोन्ही हरवल्यात." एक हरवली तर मी समजू शकते. दोन्ही हरवणाऱ्या माणसांना काय म्हणावं! चारच्या उन्हात, पाठीला चाव्या जोडायच्या मशीनची बॅग लावून, दोन चुकीच्या गल्ल्या फिरून मी पोचले तेव्हा माझं डोकं चांगलंच तापलं होतं.

घर लहान, बैठं. पुढे पत्र्याचं छप्पर, त्याखाली राखाडी गाडी, लख्ख पुसलेली. मुलगी पंचविशीची, ऑफिसमधून थेट आलेली, गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही राहिलं होतं. आई साठीला टेकलेली. तिने मला पाणी दिलं आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

"साडेपाचच्या आत होईल ना, ताई?"

"का? साडेपाचला काय आहे?"

"काही नाही," मुलगी म्हणाली. "मावशी, तुम्ही सुरू करा."

मी दाराच्या फटीत हवेची पिशवी सरकवून फुगवली, सळई आत घातली आणि कडी ओढली. गाडी बोंबलायला लागली. बोंबलू दे. समोरच्या गच्चीवरून एक म्हातारा डोकावून गेला. मी स्टिअरिंगखाली वायर जोडली, मशीन चालू केलं आणि आवाज बंद केला.

या गाड्या आपल्या चाव्यांची हजेरी ठेवतात. कुठली चावी शेवटची कधी जवळ आली, ते मशीनवर दिसतं. दोन नंबरची चावी तीन आठवड्यांपूर्वी.

"ही माझी," आई म्हणाली. "बाजारात गाडी घेऊन गेले होते. घरी आल्यावर दोनदा गेले पायी, त्यात पिशवीतून पडली कुठेतरी."

एक नंबरची चावी काल, संध्याकाळी पाच बत्तीसला.

"अहो, ही तर घरातच आहे!" मी वैतागले. "काल संध्याकाळी गाडीपाशी होती. घर न धुंडाळता मला उन्हातून पळवलंत?"

मुलगी खाली बघायला लागली. आईचा चेहरा मात्र असा उजळला, की पुढचं बोलणं मी गिळलं.

"बघ," ती मुलीला म्हणाली. "आता मशीनही सांगतंय. ती ह्यांची चावी, ताई."

मग एकेक कळत गेलं. आठ महिन्यांपूर्वी तिचा नवरा साडेपाचला कामावरून आला आणि गाडी लावली. बायकोचं डोकं दुखत होतं, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी आणायला तसाच पायी गेला. चावी खिशात. दुकान दोनशे पावलांवर. तो दुकानात पोचलाच नाही. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, पेपरात फोटो देऊन झाला. आणि दहाव्या दिवसापासून रोज साडेपाचच्या सुमाराला गाडीचे दिवे लागतात, आरसे उघडतात, कुलूप सुटतं. पाच मिनिटांनी सगळं परत बंद होतं. गाडीपाशी कोणी नसतं.

"येतात आणि जातात," आई म्हणाली. "घरात का येत नाहीत, तेवढं कळत नाही."

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मला कारण हवं होतं. चावी गाडीतच पडली असणार, म्हणून मी सीटखाली हात घातला, पायपुसणी उचलली, डिकी उपसली, जादा चाक काढलं. एक जुना पेन आणि चिल्लर, बाकी काही नाही. शेजाऱ्यांच्या रिमोटने दिवे लागत असतील म्हणावं, तर हजेरीत एक नंबर कसा लागेल? चोर चावीचा सिग्नल लांबून खेचून गाडी उघडतात, तेही मला माहीत आहे. पण आठ महिने रोज येऊन नुसते दिवे लावून जाणारा चोर कुठे असतो? मी हात टेकले.

"माझी एकच विनंती," आई म्हणाली. "मला नवी चावी करून द्या, पण ह्यांची यादीत राहू द्या. नाहीतर गाडी त्यांना ओळखायची नाही."

"आई, तुझा फोन वाजतोय बघ आत," मुलगी म्हणाली. आई गेली. मुलगी माझ्याजवळ आली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"मावशी, पुसून टाका. ती रोज पाच वाजता या पायरीवर येऊन बसते. नोकरी सोडली. माझं ऑपरेशन झालं, तेव्हासुद्धा हॉस्पिटलमधून उठून इथे आली. मी भूल उतरताना एकटी होते." तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. "बाबा गेला तो गेला. मला आई तरी राहू दे."

मी मनगट सोडवून मशीन पुढे ओढलं. नियम माझ्या बाजूने होताच. मशीनने विचारलं, सगळ्या चाव्या पुसायच्या? मी हो दाबलं. अकरा सेकंद लागले. मग कोरी चावी बटणाला टेकवून जोडली, दारं लावून बघितली, उघडून बघितली, परत लावली आणि वायर गुंडाळली.

आई बाहेर आली. "कोणाचाच फोन नव्हता गं." तिने माझ्याकडे पाहिलं. "ह्यांची राहिली ना, ताई?"

आयुष्यभर लोकांना तोंडावर खरं सुनावत आलेली मी. "राहिली," म्हणाले.

निघून जायला हवं होतं. पण तिने चहा आणला होता, आणि खोटं बोलल्यावर तिचा चहा नाकारायचा धीर मला झाला नाही. आम्ही तिघी पायरीवर बसलो. ऊन कलंडलं होतं, पण चांगलं लख्ख होतं. पाच बत्तीस झाले. दिवे लागले नाहीत. मुलीने श्वास सोडला.

"उशीर झाला असेल," आई म्हणाली.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या दाराची मूठ उचलली गेली.

कोणी दार ओढून बघावं तशी वर आली आणि खाली पडली. दार उघडलं नाही. परत उचलली गेली. मग दोनदा घाईघाईने. मागच्या दाराची मूठ हलली. मग डिकीची. मग पलीकडच्या दाराचा खटखटाट ऐकू आला, आणि वळसा पूर्ण करून परत ड्रायव्हरचं दार. आता तो जोरात ओढत होता, गाडी जागच्या जागी डुलत होती.

आईने माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "त्यांना वाटेल, मीच त्यांना बाहेर काढलं," ती म्हणाली.

तिने माझ्या मांडीवरची नवी चावी उचलली. मुलगी तिला धरायला गेली, तिने हात सोडवून घेतला. ती गाडीजवळ गेली तसे दिवे लागले, आरसे उघडले, चारही कुलुपं सुटली. मूठ थांबली. आईने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि स्वतः आत बसली.

"या," ती म्हणाली. "आज मी चालवते."

पलीकडचं दार उघडलं आणि लागलं. वाऱ्याने नाही, वारा नव्हता. शेजारची सीट खाली दबली. तिने बटण दाबून गाडी सुरू केली, तसा टिंग टिंग टिंग आवाज सुरू झाला. पट्ट्याचा आवाज. सीटवर वजन असेल आणि पट्टा लावलेला नसेल, तर वाजतो तो.

"अहो, पट्टा लावा," आई म्हणाली.

खट्ट आवाज झाला आणि टिंगटिंग थांबलं. मी काचेतून बघितलं. पट्टा खांद्याच्या उंचीवरून खालपर्यंत ताणलेला होता, आणि त्याच्या आत कोणी नव्हतं.

"आई, उतर! आई!" मुलगी काचेवर थापा मारत होती. आईने काच चार बोटं खाली केली.

"ओरडतेस कशाला? येते जरा फिरून. दूध फ्रिजमध्ये ठेव."

"मी चावी परत जोडते!" मीही ओरडले. "ताई, ऐका, मी खोटं बोलले, मी पुसली, मी परत जोडते!" खरं तर जुनी चावी हातात असल्याशिवाय ती जोडता येत नाही. ती कोणाच्या खिशात आहे, ते दिसत होतं.

"असू द्या, ताई," ती म्हणाली. "तुमच्यामुळे हे आत तरी बसले." ती हसत होती. इतकं तरुण हसू मी साठीच्या बाईच्या तोंडावर कधी बघितलं नाही.

गाडी मागे सरकायला लागली. मुलगी आईची काच सोडून धावत पलीकडे गेली. आठ महिने दिव्यांकडे पाठ फिरवून बसलेली ती पोरगी त्या रिकाम्या सीटच्या काचेवर दोन्ही मुठी आपटायला लागली.

"बाबा, उतर! बाबा, तिला नको नेऊ! मी काय करू इथे? बाबा, उतर ना!"

गाडी क्षणभर थांबली. आत आईने शेजारी वळून काहीतरी विचारलं, उत्तर ऐकल्यासारखी मान हलवली आणि ब्रेकवरचा पाय काढला. फाटकातून बाहेर पडून गाडी दुकानाच्या बाजूला वळली. मुलगी तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावत गेली, आणि मी चहाची बशी हातात घेऊन उभीच राहिले.