पालकसभेतली दुभाषी

मुलगी चांगल्या शाळेत शिकावी म्हणून बापाने घड्याळदुरुस्तीचं दुकान मेहुण्याच्या गळ्यात मारलं आणि बायकोपोरीला घेऊन परदेश गाठला. तिथे तो एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी पिळू लागला. आईने शिलाई मशीन सोबत नेलं होतं. नवऱ्यापेक्षा त्याच्यावर तिचा भरवसा जास्त.

मुलीला घरात चिमणी म्हणत. वर्षभरात ती तिथली भाषा घडाघडा बोलू लागली. आईबापाची गाडी मात्र ‘नमस्कार’च्या पुढे सरकेना. त्यामुळे पालकसभेत बाईंचं बोलणं मराठीत सांगायचं काम चिमणीकडेच आलं. म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या.

वर्गाच्या बाई गंभीर चेहऱ्याने बराच वेळ बोलल्या. चिमणीने सांगितलं की मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, सगळ्यांना मदत करते. आईने पदर डोळ्यांना लावला. बाप मात्र ताठ होत गेला.

धुलाईखान्याचा मुकादम त्याच्यावर दिवसभर खेकसायचा. त्या शिकवणीतून बापाला दुसरं काही नाही, पण दूषणं तेवढी पक्की कळू लागली होती. कामचुकार, बडबडी, बहाणेबाज... बाईंच्या तोंडचा एकेक शब्द त्याच्या रोजच्या ओळखीचा निघाला.

बाई थांबल्या तसा तो उठला, मान खाली घातली आणि मुकादमापुढे म्हणायचं वाक्य त्यांच्याच भाषेत म्हणाला, “चुकलं साहेब. उद्यापासून तोंड बंद, हात चालू.”

बाईंना हसू आवरेना. चिमणीचा चेहरा उतरला.

घरी जाताना बापाने बायकोला खरं काय ते सांगितलं. बसथांब्यावर तिने पदर खोचला. मग चिमणीला म्हणाली, “घरदार सोडून आलो ते कुणीतरी शिकावं म्हणून. तुला जमत नसेल तर मी शिकते.”

चिमणीला वाटलं, रागाचं बोलणं आहे, निवेल. पण आठवड्याभरात आईने मोठ्या माणसांच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं आणि खिडकीजवळचं टेबल अर्धं बळकावलं. एखादा शब्द अडला की चिमणीला विचारायची, तिला आला नाही की नुसती बघायची. त्या बघण्यापेक्षा अभ्यास परवडला, असं चिमणीचं मत झालं.

वर्षाअखेर चिमणी काठावर पास झाली. आईचा पहिला नंबर आला. तिने भावाला फोन करून दोन्ही निकाल कळवले, आधी स्वतःचा.