खडपकरांच्या वीराचा ठसा

सकाळपासून महिपतीशेठांचा पाय एका जागी ठरत नव्हता. चहा दोनदा गार झाला. टाकांचा डबा तिसऱ्यांदा उघडून मोजून झाला. सत्तावीस म्हणजे सत्तावीस! महाडच्या बाजारात आख्खा जन्म काढलेला हा चौसष्ट वर्षांचा सोनार आज बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा करत होता.

"बाबा, तेवढेच आहेत. डब्यात पिल्लं नाही घालत ते," त्यांची मुलगी दर्शना गाडीची चावी फिरवत म्हणाली.

"तुला काय जातंय बोलायला! खडपकरांचं काम आहे."

खडपकर म्हणजे आंबेनळी घाटाच्या पायथ्याचं नावाजलेलं घराणं. त्यांच्या गोंदजीने बावीस माणसांनिशी घाट अडवला आणि तिथंच देह ठेवला, ही गोष्ट पोलादपुरात पोराटोरांनाही पाठ. घराण्याच्या देव्हाऱ्यात त्याचा टाक असतो: चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला घोडेस्वार, हातात उगारलेली तलवार. सगळे त्याला नुसतं 'वीर' म्हणतात. एखादा भाऊ वेगळा निघाला की त्याच्या देव्हाऱ्यासाठी नवा टाक करायचा, आणि तो महिपतीशेठांच्याच घरी. कारण ज्या पितळी ठशावर पत्रा ठोकून वीर उठवायचा, तो ठसा सात पिढ्या त्यांच्या पेटीत होता. महापुरात तो पेटीसकट वाहून गेला. दुकानातला मालही गेला, पण महिपतीशेठ रडले ते ठशासाठी.

आता मुंबई-पुण्याला पांगलेल्या सत्तावीस घरांना एकदम टाक हवे होते. घराण्याचा कारभार बघणारा यशराज मुंबईहून फोनवर म्हणाला होता, "काका, इथे मशीनवर दोन दिवसांत होतात. पण आजीचा हट्ट आहे, म्हणून एक चान्स तुम्हाला. घराण्याच्या मेळाव्यात पसंत पडले तर काम कायम तुमच्याकडे. नाहीतर मशीन." महिपतीशेठांनी त्या दिवशी जेवणसुद्धा धड केलं नाही. सात पिढ्यांचं काम आपल्या हातून सुटलं, तर वर गेल्यावर बापाला काय तोंड दाखवायचं?

मूळ टाक रोजच्या पूजेतला, तो घराबाहेर काढत नाहीत. म्हणून यशराजने फोटो पाठवला, दर्शनाने तो छापून दिला आणि महिपतीशेठांनी अडीच महिने भिंग लावून नवा ठसा खोदला. घोड्याची आयाळ, वीराच्या मिशा, पागोट्याचा पीळ! असा ठसा आपल्या बापालाही जमला नसता, असं त्यांच्या मनात यायचं आणि लगेच ते कानाला हात लावायचे.

मेळाव्याला खडपकरांच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. यशराजची आजी चंद्रभागाबाई, पंच्याऐंशीची, ताठ, पूजेतला जुना वीर ताम्हनात घेऊन आल्या. त्याच्याभोवती नवे सत्तावीस मांडले गेले आणि माणसं मधाला माश्या लागाव्यात तशी ताम्हनावर लोटली.

"अगं बाई, मिश्या तरी बघ!"

"आणि घोडे कसे समोरासमोर आलेत! जुना वीर नव्यांना भेटतोय!"

फोटो काढायला मोबाइल उंचावले. यशराजने महिपतीशेठांचा हात दाबला. "काका, मानलं तुम्हाला. काम तुमचंच. फायनल!"

महिपतीशेठांना आनंद मावेना. सात पिढ्यांची लाज राखली! ओटीवरून थेट पोलादपूरच्या एस.टी. स्टँडापर्यंत नाचत जावं असं त्यांना वाटलं. मग डोळे पुसत ते ताम्हनाजवळ सरकले आणि जागच्या जागी थिजले.

घोडे समोरासमोर का आले?

त्यांनी चष्मा सारखा केला. जुन्या वीराची तलवार डाव्या हातात होती. त्यांच्या सत्तावीसही वीरांची उजव्या.

"दर्शना," त्यांनी लेकीला कोपऱ्यात ओढलं, "फोटो उलटा करून छापला होतास?"

"हो. ठशात सगळं उलटं खोदावं लागतं, तरच पत्र्यावर सरळ उठतं ना? म्हटलं, तुम्हाला नुसतं समोर ठेवून खोदता येईल."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं! तुम्ही एकदा भिंग लावलं की ऐकू येतं का तुम्हाला?"

महिपतीशेठांनी कपाळाला हात लावला. लेकीने उलटा केलेला फोटो त्यांनी हाताच्या सवयीने पुन्हा उलटा खोदला होता. आणि संशय तरी कसा यावा? शेवटचा टाक बापाने केला त्याला चाळीस वर्षं झाली. त्यांच्या डोळ्यांत बसलेला तो पेटीतला ठसा, म्हणजे तोही उलटाच वीर, तलवार उजव्या हातात!

"बाबा, कुणालाही कळलेलं नाही," दर्शना पुटपुटली. "गप्प बसा."

गप्प बसणं सोपं होतं. काम मिळालं होतं, पेढे वाटले जात होते. पण सत्तावीस देव्हाऱ्यांत चुकीचा वीर बसणार, आणि तो आपल्या हातचा!

"थांबा!" ते ओरडलेच. "टाक उचलू नका. माझी चूक झाली आहे."

त्यांनी सगळं सांगितलं, लेकीवर काडीचंही न ढकलता. यशराज हसत म्हणाला, "काका, इट्स ओके. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

चंद्रभागाबाईंनी जुना वीर उचलून डोळ्यांपाशी नेला. "डाव्या हातात हाय?" त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढत गेला. "अरे, सगळ्या देवांना उजव्या हातानं फूल, नि वीराला तेवढं डाव्या हातानं! माझ्या सासूनं लावलेली शिस्त. का म्हणून इचारलं तर म्हणायची, त्याला तसंच लागतं. पासष्ट वर्सं फूल घालते मी, नि आज कळलं! आमचा गोंदजी डावरा व्हता रे!"

एकच गलका उडाला. जो तो जुना वीर बघायला धावला. यशराजने डावा हात उंच केला. "आणि जेवताना ह्या हातावर फटके कोणी मारले, आजी?"

"मीच मारले. चुकलं माझं!" म्हातारी हसता हसता रडायला लागली.

"काका, आता मशीनचं नाव नको," यशराज म्हणाला. "नवा फोटो पाठवतो, सरळ."

"फोटूनंच तर घोळ घातला," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यांनी जुना वीर पुसला, खणाच्या तुकड्यात गुंडाळला आणि महिपतीशेठांच्या ओंजळीत ठेवला. "घेऊन जा. समोर ठेवून ठसा कर. झाला की आणून दे."

"आजी, वीर कधी घराबाहेर जात नाय!" कुणीतरी मागून म्हणालं.

"घाट अडवायला गेला तवा काय घरात बसून अडवला त्यानं?"

महिपतीशेठांनी ओंजळ कपाळाला लावली. सात पिढ्या ह्या वीराचा ठसा त्यांच्या घराने सांभाळला, पण प्रत्यक्ष वीर आज पहिल्यांदा त्यांच्या घरी निघाला होता. खाली गाडीपाशी दर्शनाने दार उघडून धरलं, आणि ते ओंजळ न सोडता आत बसले.