गाजर म्हणून हिणवलेला रेनकोट

मी एक जुना रेनकोट आहे. भडक केशरी, गुडघ्यापर्यंत लांब, डोक्यावर टोपी आणि पायात त्याच रंगाचे गमबूट. पण मला खुंटीवर शोधू नका. एका ऑनलाइन खेळात शंभर जण एका बेटावर उतरतात, एकमेकांवर बंदुका झाडतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. त्या खेळातल्या माणसांना घालायचा मी एक पोशाख आहे. तुम्ही मुले आम्हाला स्किन म्हणता. आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्यांना ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणतो. बाकी तुमच्यापैकी कोणी माझ्याशी मैत्री केल्याचे मला आठवत नाही.

तर मित्रांनो, मला एका चित्रकार बाईने घडवले. तिच्या टेबलाशेजारच्या खिडकीत तिचा स्वतःचा रेनकोट वाळत होता. तोच समोर ठेवून तिने मला काढले. खिशांची झाकणे काढली, दुमडलेल्या बाह्या काढल्या, मानेपाशी उसवलेली शिवणसुद्धा सोडली नाही. मग तो रेनकोट अंगात घालून ती खोलीभर धावली आणि तिच्या सहकाऱ्याने मागे मागे माइक धरून आवाज टिपला. म्हणून मी चालताना सळसळतो. तिच्या साहेबांना हे काही रुचले नाही. यात चमकते काय, असे त्यांनी विचारले. काहीच नाही, पण पाऊस लागत नाही, असे ती म्हणाली. त्यावर साहेब म्हणाले की बेटावर पाऊस पडतच नाही. त्यांचा मुद्दा बिनतोड होता, हे मला कबूल करावे लागते.

खेळातल्या दुकानात मला ‘सुवर्णसम्राटा’च्या शेजारी मांडले. हा पोशाख तुम्ही पाहिलाच असेल, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी तोच घातलेला असतो. पाठीला पंख, खांद्यांवर ज्वाळा आणि छातीवर सिंहाचे तोंड. ते तोंड विनाकारण उघडमीट करत असते. एवढा डामडौल घेऊन माणूस दारातून आत कसा शिरणार, याचा विचार बनवणाऱ्यांनी केलाच नव्हता. पंख सरळ भिंतीतून आरपार जातात. तरी लोक त्याच्यावर तुटून पडले. सगळ्यांत वेगळे दिसायचे म्हणून सगळ्यांनी तोच घेतला, आणि बेटावर जिकडेतिकडे सोन्याचा मुलामा चढवलेले ठोकळे हिंडू लागले. असला खुळेपणा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. मी लांबून डोळ्यांत भरतो आणि चाललो की सळसळतो. लपून बसायच्या खेळात हे दोन्ही गुण म्हणजे मरणच. लोकांनी माझे नाव गाजर ठेवले. गाजर दिसले की आधी त्याला उडवायचे, असा रिवाजच पडला. पैज हरलेल्याला शिक्षा म्हणून मला घालायला लावत. पुढे एकदा कंपनीची यंत्रे दिवसभर बंद पडली आणि लोक भडकले. तेव्हा कंपनीने माफी मागितली आणि जुन्या आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला मला फुकट देऊन टाकले. माफी मागतानाही माणसे घरातली नकोशी वस्तूच पुढे करतात. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या कपाटात आहे आणि कोणाच्याच अंगावर नाही. कपाटात पडल्या पडल्या मला खेळातले सगळे दिसते आणि ऐकूही येते. त्यामुळे तुमच्याबद्दल माझे मत जे झाले आहे, ते ऐकीव माहितीवर झालेले नाही.

एका मुलीने मात्र मला आपणहून घातले. तिला घरी भिंगरी म्हणत. ती मावशीकडे राहायची, कारण तिची आई दूरच्या शहरात एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. फोनवर दोघींचे बोलणे दोन वाक्यांत संपे. काय करतेस, काही नाही. म्हणून मुलीने आईला हा खेळ शिकवला. आईच्या जेवणाच्या सुट्टीत, चादरींच्या गाठोड्यांवर बसून, ती माउली बेटावर उतरू लागली.

तिच्या खेळाबद्दल काय सांगावे? मोबाइलची काच कोपऱ्यापासून तडकलेली, त्यात बाईंना शत्रू आणि झाड यांतला फरक कळेना. मुलगी कुठे आहे हे तर कधीच सापडत नसे. मुलीने कपाटातला एकेक पोशाख घालून पाहिला. मला घातले तेव्हा आई पहिल्यांदा म्हणाली, “हां, आता दिसलीस.” मग रोज मीच.

या खेळात माइकवरचे बोलणे फक्त जवळच्या माणसाला ऐकू जाते. त्यामुळे आई माझी सळसळ ऐकत मुलीच्या पाठोपाठ चालायची. बंदूक खांद्याला अडकवलेली आणि तोंडाचा पट्टा सुरू. केस धुतलेस का, मावशीला उलट बोलली नाहीस ना, वहीला कव्हर घातलेस का. मागे धुलाईयंत्रांची घरघर. फोनवर मुकी होणारी मुलगी इथे मात्र धावता धावता सगळे सांगायची, न विचारलेलेसुद्धा. आजूबाजूला गोळ्या सुटताहेत आणि यांचे केसांचे तेल चालले आहे. मला फार ओशाळे वाटे. इतकी टाकाऊ जोडी त्या बेटावर दुसरी नव्हती, आणि नेमका मीच त्यांच्या वाट्याला आलो होतो.

पुढे भिंगरीला वर्गातल्या मुलांनी आपल्या गटात घेतले. त्यांच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणत. कप्तान म्हणजे फुकटचा भाव खाणारा प्राणी. तुझ्या गाजरामुळे आपण सगळे मरतो, असे तो तिला उठता बसता सुनावू लागला, आणि तुझ्या मागून चालणारे ते लोढणे कोण, असेही त्याने एकदा विचारले. ती माझी आई आहे, असे भिंगरी म्हणाली नाही. वाढदिवसाला तिने मावशीकडे हट्ट धरला आणि सुवर्णसम्राट मिळवला. मी कपाटात गेलो. मला वाईट वाटले, असे मी म्हणावे अशी तुमची अपेक्षा असेल. मला तिची कीव आली.

दुसऱ्या दिवशी तिने आईला निरोप धाडला की आज मी सोनेरी आहे. आई बेटावर उतरली. समोर गोदामापाशी सोनेरी, टेकडीवर सोनेरी, पुलाखाली सोनेरी. बाईंनी त्यातल्या त्यात जवळचा सोनेरी धरला आणि सवयीने त्याच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या. भिंगरी आईला शोधत गोदामाच्या भिंतीपलीकडे येऊन पोहोचली होती. बोलणे ऐकू येण्याइतकी जवळ, पण आईला काय कळणार?

“भिंगरे, ऐक,” आई त्या सोनेरी पाठीला म्हणाली. “मला सुट्टी नाही मिळाली गं. या खेपेला येणं होत नाही. मावशीसमोर रडू नकोस, तिला वाईट वाटतं. माझ्याजवळ रड, हवं तर आत्ताच.”

सोनेरी माणूस तिच्याकडे वळला. छातीवरचे सिंहाचे तोंड उघडमीट करत होते. मग कुठल्यातरी अनोळखी पोराचा आवाज आला.

“काकू, मी भिंगरी नाही हो.”

मग आई म्हणाली, “असू दे, बाळा. तू जेवलास का?”

जेवलो, म्हणाला तो. त्याने गोळी झाडली नाही, उलट आपण होऊन तिथून दूर गेला. या खेळात असली सभ्यता मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि ती सुवर्णसम्राटाच्या अंगात पाहावी लागली, याचा मला अजून राग येतो. भिंतीपलीकडे भिंगरी उभी होती. आई, मी इथे आहे, एवढे म्हणायला तिचे तोंड उघडले नाही. तेवढ्यात धुलाईघरातली घंटा झाली आणि आईचे खेळातले माणूस बेटावरून नाहीसे झाले.

त्या रात्री ती मावशीसमोर रडली की नाही, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तिने कपाट उघडले आणि मला बाहेर काढले. कप्तान खिदळला. गाजर घालणार असशील तर गटात जागा नाही, म्हणाला. “मग नका घेऊ,” ती म्हणाली आणि एकटी बेटावर उतरली.

गोदामासमोरच्या उघड्या मैदानात ती जाऊन उभी राहिली. त्याहून मूर्ख जागा त्या बेटावर नाही. ती जागच्या जागी पाय हलवत राहिली, मी सळसळत राहावे म्हणून. सुट्टी सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि आईचा पत्ता नव्हता. काल तिने अनोळखी पोराला सांगितलेले दुःख आज ती मुलीला पुन्हा सांगेल का, की आता येणारच नाही, हे मलाही कळेना. खोटे कशाला बोलू, मला काळजी लागली होती.

मग मला सळसळ ऐकू आली. माझी नव्हे, पलीकडची. पुलावरून एक केशरी रेनकोट धडपडत येत होता, वाटेत एका झाडाला आपटला आणि पुन्हा निघाला. फुकट मिळालेला मी तिच्याही कपाटात होतोच.

“आई, तू का घातलंस हे?” भिंगरीने विचारले. तिचा आवाज ओला झाला होता.

“तू काहीही घाल, पिल्ला,” आई म्हणाली. “मला नाही ओळखता येत, पण तुला येतं ना? मी रोज हेच घालीन. तू मला शोध.”

यावर मुलगी काही बोलणार, तोच टेकडीवरच्या एका सोनेरी ठोकळ्याने दोघींना एका दमात उडवले. दोन गाजरे, उघड्या मैदानात, शेजारी शेजारी. आंधळ्यानेही नेम साधला असता. मेलेल्यांना खेळ एका रिकाम्या दालनात नेऊन बसवतो. तिथे ना बंदुका, ना धावाधाव. त्या दोघी तिथेच बसल्या. मुलगी हवे तेवढे रडली, आणि घंटा होईपर्यंत त्यांचे बोलणे चालले होते.

मित्रांनो, कंपनी अधूनमधून नकोसे पोशाख खेळातून काढून टाकते. उद्या माझीही पाळी येईल. तेव्हा माझी कीव करू नका, तुमची कीव अंगावर बाळगण्याइतका मी लाचार झालेलो नाही. एवढेच करा. कुठेतरी कोणीतरी तडकलेल्या काचेवर डोळे ताणून तुम्हाला शोधत असेल, तर निदान तेवढ्या वेळापुरते त्याला ओळखू येईल असे राहा. आणि कोणीच शोधत नसेल, तर खुशाल सोने घाला. गर्दीत खपून जाल.