नको म्हणणारी आजी

तोआ चिलुइसा त्या आठवड्यात वॉर्डात जीव मुठीत धरून वावरत होती. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, आणि विनाकारण बोलावलं म्हणून डॉक्टर सेवायोस दोनदा तिच्यावर उखडलेले. "पुन्हा असं केलंस तर रिओबाम्बा शहरातल्या कुठल्याच वॉर्डात तुला उभं करणार नाही," अशी तंबीच दिली होती. माणूस म्हणजे तिखटजाळ!

आज खिडकीजवळच्या मनुएला आजीला तिने गरम बटाट्याचं सूप दिलं. आजी डोंगरावरच्या गावची, परवाच पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली.

"नको, पोरी," आजी हसली.

"दुखतंय का?"

"छे गं. देवाची कृपा, बरं आहे."

ड्यूटीवरची सिस्टर म्हणाली, "ताप नाही, ती स्वतः बरं म्हणतेय. भूक नसेल म्हातारीला. तू कशाला डोकं पिकवतेस?"

पण तोआही आजीसारखीच डोंगराकडची. हातात दिलेल्या ताटाला नको म्हणणं ही त्यांच्याकडे केवढी बेअदबी! पोट तुडुंब असलं तरी माणूस घेतो, दोन घास खातो, उरलेलं शालीत बांधून घरी नेतो. आणि दुखण्याची तक्रार? मेल्या तरी करायच्या नाहीत या बायका. मग आजीचं 'बरं आहे' खरं, की 'नको'?

तिने नर्सिंग कॉलेजच्या अल्मेइदाबाईंना गाठलं. शिकवायला पहिल्या नंबरच्या, पण आयतं उत्तर देतील तर शपथ!

"बाई, डॉक्टरांना बोलावू?"

"मला काय विचारतेस? तुझ्या हातात काय आहे?"

"आजीने सूप नाकारलं."

"एवढ्यावर येतील ते?"

"नाही."

"मग?"

तोआ परत गेली. नाडी सकाळपेक्षा बरीच जलद. हात गार. पोट फळीसारखं घट्ट. हात लावताच आजीने दात आवळले, आणि वर पुन्हा हसली.  तोआने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर तणतणतच आले. पोट तपासलं आणि ओरडले, "ऑपरेशनची तयारी करा! आत रक्तस्राव होतोय."

संध्याकाळी आजी शुद्धीवर आल्याचं कळलं, तेव्हा तोआ जिन्यात बसून ढसाढसा रडली. बाई शेजारी टेकल्या.

"आणि चुकली असतीस तर?"

तोआने नाक पुसलं. "तर डॉक्टरांनी मला घरी पाठवलं असतं, बाई. आणि आजीही गेली असती घरी, धडधाकट."