चारशे बारा मेले, पुढे चला

अंतराळयुद्धाच्या कादंबरीचा सातवा भाग दुपारी चारला छपाईला जायचा होता आणि मुद्रितशोधक सही करायला तयार नव्हता. या छापखान्यात शेवटच्या प्रतीवर त्याची सही पडल्याशिवाय यंत्र फिरत नसे.

"काका, तुमचं काम काना-मात्रा बघायचं," संपादिका म्हणाली. ती त्याची सख्खी पुतणी. तो लष्करातून निवृत्त झाल्यावर तिनेच त्याला इथे चिकटवलं होतं. "युद्धाचं लेखक बघतील."

"बघितलंय कुठे? नवव्या प्रकरणात चारशे बारा शिपाई एका ओळीत मरतात, पुढच्या ओळीत नायकाला पदक. मढी उचलली कुणी?"

समोर लेखकच बसला होता. सगळे त्याला सेनापती म्हणत. जन्मात त्याने डासापलीकडे काही मारलं नव्हतं. "अहो, वाचकाला थरार हवा असतो. मढी कसली मोजता?"

"एकोणीस वर्षं तेच केलं." लष्करी भांडारातला कारकून तो. मेलेल्याचे बूट, पट्टा, घड्याळ यांची यादी करायची आणि घरच्यांना पत्र लिहायचं. "तुमच्या सात भागांत एकाला भूक लागत नाही, एकाला जुलाब होत नाहीत. गोळ्या तर द्रौपदीच्या थाळीसारख्या, संपतच नाहीत!"

सेनापतीने घड्याळ पाहिलं. "बरं बाबा, चारशे नकोत. बारा करा. झालं समाधान?"

"मग बारा पत्रं लिहा."

"काका, पुरे." पुतणीचा आवाज खाली आला. "सही नसेल तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. मालकांचा दोनदा फोन आलाय."

भांडायचं म्हटलं तरी अंगात जीव लागतो. त्याने नववं प्रकरण पुन्हा काढलं. मेलेल्यांत एकालाही नाव नव्हतं, गाव नव्हतं. पत्र धाडायचं तरी कुठे?

त्याने पेनाला टोपण लावलं आणि ते पुतणीपुढे सरकवलं. "तूच कर, बाळ. तुझ्यावर राग नाही."

"आणि तुम्ही?"

"घरी जातो. पडतो जरा."

"एवढं कळतं तर स्वतः का नाही लिहीत?" सेनापती पाठीमागून म्हणाला.

"लिहिलंय की. चारशेच्या वर पत्रं. पुढचा भाग कधी येतोय, असं कुणी विचारलं नाही."

पुतणीने त्याच्या जागी स्वतःची सही केली. यंत्र सव्वाचारला सुरू झालं. पाव तास उशीर झाला, तेवढाच.