न झिजणारा पत्रा

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्या बंद, दाराशी चार धिप्पाड स्वयंसेवक. मंचावर काचेच्या बरणीत एक काळा पत्रा उभा होता आणि त्याच्याभोवती बुडबुड्यांची नुसती झुंबड. ना वायर, ना बॅटरी. झाकणातून निघालेल्या नळीच्या टोकाला पाणीवाल्या बाबांनी काडी लावली. ज्योत पेटली. दोनशे माणसं श्वास रोखून बघत राहिली.

"शास्त्रज्ञांचे पत्रे पाणी फोडता फोडता झिजून जातात," बाबा गोड हसले. "हा चाळीस दिवस काम करतोय, केसभर झिजलेला नाही. तो पाण्याशी भांडत नाही, प्रेमाने बोलतो."

तिसऱ्या रांगेत बसलेल्या तपासनीस बाईंना आधी हसू आलं. त्यांची नोकरीच ती होती. धातूच्या ऑक्साइडचा लेप दिलेले पत्रे पाण्यात बुडवायचे, वीज सोडायची आणि हायड्रोजन किती तास निघतो ते मोजायचं. त्यांचा सगळ्यात चिवट लेपसुद्धा नऊशे तासांनी पापुद्रे सोडून विरघळला होता. शिवाय लेप फक्त वाट सोपी करतो, जोर विजेचा असतो. इथे वीजच नाही. मग पत्रा झिजत नसेल, तर दुसरं काहीतरी झिजत असणार.

बाबांनी लाकडी डावाने आणखी थोडं 'मंतरलेलं मीठ' बरणीत सोडलं. काच वाफेने धुरकटली. मिठाने पाणी तापत नाही. तुंबलेली मोरी मोकळी करायच्या कॉस्टिक सोड्याने तापतं. आणि ते पाणी औषध म्हणून प्यायला पहिलं नाव पुकारलं गेलं बाईंच्या भावजींचं. पोटदुखीने बेजार झालेल्या नवऱ्याला बाईंची थोरली बहीण, ताईच हट्टाने घेऊन आली होती.

दाराशी उभे असलेले चौघे आपल्याकडेच बघताहेत असं बाईंना वाटलं. तरी त्या मंचावर गेल्या आणि पेला धरलेलं भावजींचं मनगट घट्ट पकडलं.

"ओठाला लावू नका. घसा जळेल."

मागून कुरकुर सुरू झाली. ताई रडवेली होऊन म्हणाली, सगळ्यांसमोर माझी शोभा का करतेस? बाईंनी पर्समधली लाल लिटमसची पट्टी पेल्यात बुडवली. ती गडद निळी झाली, सोड्यासारख्या अल्कलीत होते तशी. तो भक्तीचा रंग आहे, असं बाबांनी लोकांना सांगितलं.

बाईंनी पेला बाबांपुढे धरला. "मग पहिला घोट तुम्ही घ्या."

बाबांनी पेला हातात घेतला नाही. दाराशी उभ्या असलेल्या चौघांतला एक पुढे आला आणि म्हणाला, "घ्या ना, बाबा." बाबा दोन पावलं मागे सरकले.

बाईंनी ताईला खिडक्या उघडायला लावल्या, ज्योत विझवली आणि त्याच डावाने पत्रा वर काढला. तो आतून पोकळ डबीसारखा निघाला. मागे भोकं, आत ॲल्युमिनियमच्या तारांचे अर्धवट खाल्लेले तुकडे. सोडा त्या तारा खात होता, त्यातून हायड्रोजन निघत होता. रोज सकाळी नव्या तारा भरल्या की काळा पत्रा कोराच्या कोरा.

भावजींना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. जठरात व्रण होता, महिनाभराच्या औषधाने भरून आला. मग एकदा ताईने विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"खूप वाटली," बाई म्हणाल्या. "पण भीती वाटते म्हणून विचारायचं थांबायचं नसतं. फुकटात काही घडताना दिसलं, तर एवढंच विचारायचं, की इथे संपतंय काय? ज्याला हा प्रश्न आवडत नाही, त्याच्या हातचं पाणी पिऊ नये."