दोन तंबूंची किटली

मित्रांनो, आधीच सांगते, मला पाहून नाक मुरडू नका. मी एक जुनी किटली आहे, गोबीच्या वाळवंटातली. माझी चोच वाकडी आहे, कारण एकदा बिऱ्हाड हलवताना उंट खाली बसला तो नेमका माझ्यावर. झाकण उंटाच्या केसांच्या दोरीने बांधलेले आहे. बूड इतके काळे, की मूळचा रंग मलाही आठवत नाही. पण अजून एक थेंब गळत नाही हो माझ्यातून!

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी बाजारगावातल्या दुकानात आले आणि फळीवर धूळ खात बसले. एके दिवशी यांजिव नावाची दणकट बाई आली. तिने मला उलटे केले, बुडावर टिचकी मारली, कान लावून ऐकले आणि उंटाच्या लोकरीचे गाठोडे दुकानदारापुढे टाकले. "ही माझ्यासारखीच आहे, जाड बुडाची," ती म्हणाली. सगळे हसले. मला मात्र त्या दिवशी घर मिळाले.

घर म्हणजे नमद्याचा, लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा, गोल तंबू. गवत संपले की तो मोडायचा, उंटांवर लादायचा आणि पुढच्या पाण्यापाशी पुन्हा उभा करायचा. आमच्याकडे एक रीत आहे. जवळपास नवे बिऱ्हाड उतरताना दिसले, की शेजारणीने गरम चहा घेऊन जायचे, आणि तेही त्यांचा तंबू उभा राहायच्या आत. त्यांची चूल अजून गाठोड्यातच असते ना! चहा दुधाचा, मीठ घातलेला. तो पोचला म्हणजे समजायचे, इथे आपण हवे आहोत. भांडे तिथेच ठेवून यायचे. चार दिवसांनी ते परत येते, पण रिकामे कधीच नाही. वाळवलेले दही, लोण्याचा गोळा, अगदीच काही नसेल तर मूठभर पीठ त्यात असते. रिकामे भांडे परत करणे म्हणजे आपले दारिद्र्य दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे, असे आमची माणसे मानतात.

यांजिवच्या चहाची सगळीकडे वाहवा होई. त्यातली थोडी माझीही होती, असे मी धरून चालते.

एका शरद ऋतूत आमच्या गोड्या विहिरीजवळ डोलगोर आणि तिचा नवरा गोंचिग उतरले. यांजिव मला घेऊन धावली. डोलगोरने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "आक्का, हाडं शेकली गं माझी!" मी तिथेच राहिले. लोणी काढून किटली परत द्यायची, असे डोलगोरने ठरवले, तोच हिमवादळ आले.

तो हिवाळा आठवला तरी अंगावर काटा येतो. बर्फ असा गोठला, की जनावरांना खुराने गवत उकरता येईना. डोलगोरच्या शेळ्या गेल्या, मेंढ्या गेल्या. उरली एक उंटीण. वसंतात यांजिव जनावरे घेऊन लांबच्या कुरणात गेली होती, तेव्हा या दोघांनी गुपचूप तंबू मोडला आणि लांब, खाऱ्या पाण्याच्या विहिरीवर जाऊन राहिली. मला डोलगोरने गोधडीत गुंडाळून पेटीच्या तळाशी घातले.

"अगं, नेऊन दे ती किटली. नुसतीच दे," गोंचिग म्हणायचा.

"रिकामी? कुठल्या तोंडानं? आपल्या संसाराची राखरांगोळी झाली ती तिच्या दारात नेऊन ओतू?"

"मग काय, पोटाशी धरून मरणार आहेस?"

"हो, मरेन!"

दोन वर्षे मी अंधारात होते. ना जाळ, ना चहा. भांड्याला याहून मोठी शिक्षा नसते, मित्रांनो.

मग उंटीण व्याली. पण खाऱ्या पाण्याने पिल्लू काही अंग धरेना. शरद आला तरी त्याचे पाय लटपटत होते. इथे हिवाळा काढला असता तर ते नक्की गेले असते, आणि त्याच्यामागे या दोघांचे उरलेसुरले जगणेही. गोड्या पाण्याची विहीर एकच होती, यांजिवची. शेवटी बिऱ्हाड लादले.

"आक्का चहा घेऊन आलीच नाही तर?" डोलगोरने वाटेत विचारले.

"तर समजायचं, आपण नकोसे आहोत. दुसरीकडे जायचं."

"दुसरीकडे कुठे? पिल्लू तेवढं चालेल का?"

गोंचिगने उंटिणीची दोरी पुढे ओढली.

दुपारी पोचलो. मी पेटीतच होते, तिथले मला डोलगोरने नंतर सांगितले. पलीकडे यांजिवच्या तंबूतून धूर निघत होता, पण कोणी येताना दिसेना. लाकडी जाळीच्या भिंती उभ्या राहिल्या, छताच्या दांड्या बसल्या, वर नमदा चढला. आता फक्त दोऱ्या आवळायच्या होत्या. गोंचिग एक दोरी बांधी आणि पुन्हा सोडी.

"मघापासून तीच गाठ काय घालताय?"

"नीट बसत नाहीये," तो म्हणाला. खरे तर तंबू उभा राहू नये म्हणून बिचारा वेळ काढत होता.

डोलगोरला ते कळले. तिने पेटी उघडली, मला बाहेर काढले आणि अंगरख्याच्या बाहीने पुसले. उंटिणीचे जेमतेम घोटभर दूध काढून माझ्यात ओतले आणि तरातरा निघाली.

अर्ध्या वाटेवर उतारावरून यांजिव येताना दिसली. दोन्ही हातांत भले मोठे पातेले, अंगरखा चहाने भिजलेला, तोंडाने बडबड चाललेली.

"आणलीस होय? आण इकडे!" ती ओरडली. "किटली तू दाबून बसलीस आणि मी हे धूड घेऊन फरपटतेय. अर्धा चहा वाळूला पाजला. उशीर होईल नाहीतर काय!"

"आक्का, तू रागावली नाहीस?"

"रागावले तर! पण तुझ्यावर नाही. मला वाटलं, माझ्या चहातच काहीतरी खोट निघाली, म्हणून भांडं परत येईना. दोन वर्षं मीठ कमी-जास्त करून बघतेय मी!"

"खोट कसली गं? भरायला काही नव्हतं. मूठभर पीठसुद्धा नव्हतं."

यांजिवने पातेले वाळूवर ठेवले. मग तिने माझे झाकण उचलून आत पाहिले.

"आणि हे?"

"उंटिणीचं आहे. थोडंसंच..."

"पिल्लाच्या तोंडचं काढलंस? खुळी कुठली! चल, आधी त्याला पाणी पाजू. विहीर काय माझ्या बापाची आहे?"

डोलगोर तिच्या गळ्यात पडून रडली. तिचा जीव भांड्यात पडला म्हणतात ना, ते भांडे त्या दिवशी मीच होते.

दोघी येताना दिसल्या मात्र, गोंचिगच्या सगळ्या गाठी भराभर बसू लागल्या.

"अजून तंबू उभा नाही?" यांजिवने विचारले.

"चहाची वाट बघत होतो, आक्का," तो म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

पिल्लाने तो हिवाळा काढला. आता ते मोठे झाले आहे आणि कधीकधी मलाच वाहून नेते. मी कधी यांजिवच्या तंबूत असते, कधी डोलगोरच्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाचे तरी भांडे फळीवर राहिले असेल. ते पुसा आणि आजच नेऊन द्या. घालायला काही असेल तर घाला. नसेल तर तसेच न्या आणि नाही म्हणून सांगा. वाईट काही होत नाही, मी पाहिले आहे.

बरे, आता पुरे. टेकडीपलीकडे धूळ दिसते आहे, कोणाचे तरी बिऱ्हाड येते आहे. डोलगोरने मला चुलीवर ठेवले आहे आणि मीठ टाकताना हाक मारते आहे, "आक्का, चल लवकर, त्यांचा तंबू उभा राहील!"